पुढचं सांगा : अलीकडचं वाचन आणि शरदातले बेत

(यवतमाळ इथे वाचकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

संयोजकांनी मला आधीच बजावलंय की मॅडम, फार जड बोलू नका. अलीकडे काय वाचलं ते सांगा, दसरा-दिवाळीच्या दिवसांत काय वाचायचं ठरवलंय ते सांगा, आणि मग सगळे मिळून चहा घेऊ. सोपं काम आहे म्हणून मी हो म्हटलं. घरी गेले, वही काढली, यादी करायला बसले. सहा पुस्तकं निघाली. त्यातल्या चारांत कुणीतरी विष घेतं किंवा घेऊन झालेलं असतं. यादी बाजूला ठेवून मी थोडा वेळ नुसतीच बसले. आपण यवतमाळचे वाचक. आपल्या टेबलावर असं पुस्तक आलं की आपण ते मान खाली घालून वाचतो, ‘फार सुन्न करणारं आहे’ असं म्हणतो आणि पुढच्याकडे देतो. मीही तेच करत आले. बावीस वर्षं वर्गात शिकवताना हेच केलं.

गेल्या वर्षी एक प्रसंग घडला, तो आधी सांगते. माझ्या सगळ्या यादीकडे आता मी त्या प्रसंगातून बघते.

आमच्या एका विद्यार्थिनीच्या गावी गेले होते. दिवस असेच, दसऱ्याच्या पुढे-मागे. पहिला वेचा सुरू झालेला. संध्याकाळी कापूस मोजून झाल्यावर बाया तिच्या ओट्यावर जमल्या. मी म्हटलं, गोष्ट वाचून दाखवते. पिशवीत एक जुना दिवाळी अंक होता. त्यातली शेतकऱ्यावरची एक कथा मी निवडली. कथा चांगली होती, म्हणजे मला चांगली वाटत होती. कर्ज, नापिकी, बँकेची नोटीस, पोरीचं लग्न, आणि शेवटी तो पहाटे उठून वावरात जातो. तिथे कथा संपते. मी अंक मिटला आणि जरा थांबले, आपण थांबतो तसं. तर एक बाई शांतपणे म्हणाली, “बाई, हे त आमाले मालूम हाये. पुढचं सांगा न.”

पुढचं त्या कथेत नव्हतंच. लेखकाच्या दृष्टीने तिथे सगळं संपलं होतं. त्या बाईच्या दृष्टीने तिथून सुरू होणार होतं. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी चूल कोण पेटवणार, सातबाऱ्यावर कुणाचं नाव लागणार, कृषिकेंद्रवाल्याची उधारी कोण फेडणार, हे तिला ऐकायचं होतं. तेव्हापासून पुस्तक हातात घेतलं की मी मनातल्या मनात विचारते : यात पुढचं आहे का?

आता पुस्तकांकडे येते.

पहिलं पुस्तक इंग्रजी आहे. जयदीप हर्डीकर हे नागपूरचे पत्रकार. त्यांचं ‘रामराव’ २०२१ साली आलं. आपल्याच जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची ही खरी हकिकत. २०१४ मध्ये त्याने कीटकनाशक घेतलं आणि तो जगला. त्यानंतरची काही वर्षं लेखक त्याच्याकडे जात राहिला. बघा, आपल्या भाषेत ‘वाचणं’ हा शब्द जीव वाचण्यालाही चालतो आणि पुस्तक वाचण्यालाही. ‘वाचलेला माणूस’ असा दोन्ही अर्थांनी मला त्या पुस्तकात भेटला. आपल्याकडच्या बातमीत मेलेल्याचं नाव येतं, जगलेल्याचं येत नाही. जो दवाखान्यातून परत येतो, त्याच्याकडे गाव कसं बघतं, तो पुन्हा पेरतो तेव्हा त्याला बियाणं उधार कोण देतं, हा भाग कुणी लिहीत नाही. इथे तो आहे.

तक्रारही आहे माझी. मधेच रामराव बाजूला राहतो आणि देशभराची शेती, धोरणं, भाव, कर्जमाफ्या असं सगळं येतं. ते चुकीचं नाही, दिल्ली-मुंबईच्या वाचकाला ते लागतच असेल. पण मी काही पानं उलटून पुढे गेले, खोटं कशाला सांगू. मला रामरावच्या अंगणात परत जायचं होतं. दुसरी गोष्ट भाषेची. माझं इंग्रजी हळू चालतं. रामराव इंग्रजीत बोलतो आणि माझ्या कानात ते वाक्य आपोआप वऱ्हाडीत उलटतं. ‘काहून’, ‘त’, ‘न बा’ हे सगळं मी माझ्या पदरचं घालत वाचलं. आपल्याच जिल्ह्यातला माणूस मला इंग्रजीतून फिरून यावा लागला, याची थोडी लाज वाटली. लाज लेखकाची नाही, आपली.

दुसरंही इंग्रजीच. कोटा नीलिमा यांचं ‘विडोज ऑफ विदर्भ’, २०१८चं. शेतकऱ्यांच्या मागे राहिलेल्या बायांविषयी. हे अभ्यासाचं पुस्तक आहे, रात्री झोपताना वाचायचं नाही. पण त्यात ‘पुढचं’ भरपूर आहे. सरकारी मदत एक लाखाची. ती मिळायची तर मरण ‘पात्र’ ठरावं लागतं. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज कुठल्या बँकेचं, असे सवाल होतात आणि नंतर प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं. जमीन सासऱ्याच्या नावावर आणि कर्ज सावकाराचं, तर काय? मला कधीकधी वाटतं, आपल्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त लिहिला गेलेला गद्यप्रकार म्हणजे पंचनामा. (हशा) हसू नका, खरंच. त्यात पात्रं असतात, स्थळ असतं, काळ असतो, ‘मयत इसम’ असतो. बाई मात्र शेवटच्या ओळीत, अंगठ्यापुरती.

मराठीकडे वळते. ‘बारोमास’ मी यंदा पुन्हा वाचली, तिसऱ्यांदा. सदानंद देशमुखांची ही कादंबरी २००२ची, २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. ती बुलढाण्याकडची, पण माती तीच, कापूस तोच. एकनाथ शिकलेला, नोकरीसाठी पैसे मोजायची ऐपत नाही, म्हणून पुन्हा शेतीत आलेला. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी एकनाथबरोबर होते. त्याच्यासारखी अनेक पोरं माझ्या वर्गातून गेली होती, त्यांचे चेहरे दिसत होते. या वेळी मी त्याची बायको अलका हिच्याकडे बघत वाचलं, आणि मला ती कादंबरी जरा अपुरी वाटली. अलका शहराकडची, तिला हे गाव, ही माती, हा कायमचा तोटा नको आहे. यात तिचं काय चुकलं? पण ती आपल्याला बहुतेक एकनाथच्या चिडीतूनच दिसते. ती माहेरी जाते तेव्हा कादंबरी तिच्यामागे जात नाही. घरातच राहते, एकनाथजवळ. कादंबरीची ताकद मोठी आहे, शेतीचा बारा महिन्यांचा जाच तिने जसा धरला तसा क्वचितच कुणी धरला असेल. पण ओट्यावरच्या त्या बाईने विचारलं असतं, “मंग ते माहेरी जाऊन काय करे?” तर माझ्याकडे उत्तर नाही.

उत्तर देणारी कादंबरी तिच्याही खूप आधीची आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’, १९६०ची. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी वाचली असेल, उरलेल्यांनी या शरदात वाचा, एवढी एकच सक्ती करते. शिंप्याची बायको कौतिक. नवरा महादेव, पोरं, गरिबी आणि नवऱ्याचं आजारपण. एका मागून एक संकट येतं, आणि प्रत्येक संकटानंतर कादंबरी विचारते, आता कौतिक काय करणार? म्हणजे ‘पुढचं’ हाच त्या कादंबरीचा कणा आहे. ती कुठे रडून थांबत नाही, लेखक तिला थांबू देत नाही, परिस्थिती तर नाहीच नाही.

माझी आई कापूस वेचायला जायची. शाळा फार शिकली नव्हती. मी कॉलेजात असताना ‘धग’मधली काही पानं तिला वाचून दाखवली होती. ती सरकीतला कचरा निवडत बसली होती. दोन-तीन पानं झाल्यावर म्हणाली, “हे बाई त आपल्यासारकंच बोलून रायली. पुस्तकात असं चालते?” तिला कौतिकच्या दुःखाचं फार नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते आपलं बोलणं छापलं जातं याचं. मी पुढे एम.ए.ला ग्रामीण साहित्यावर बऱ्याच व्याख्या पाठ केल्या. आईच्या त्या एका वाक्याइतकं काही त्यात सापडलं नाही.

बोलीचा विषय निघाला म्हणून शंकर बडे यांचं नाव घ्यायलाच हवं. आपल्यातल्या अनेकांनी त्यांना ऐकलंय. २०१६ मध्ये ते गेले. त्यांचा ‘बॅरिस्टर गुलब्या’ ज्यांनी बघितला, त्यांना मी काय सांगणार? त्यांची कविता मी यंदा ऐकण्याऐवजी पुस्तकातून वाचली आणि एक गंमत लक्षात आली. मंचावर लोक जिथे हसायचे, तिथे कागदावर हसू येत नाही, घशात काहीतरी अडकतं. विनोद तोच, ओळ तीच. त्यांच्या आवाजाने आपल्याला किती सांभाळून घेतलं होतं, ते कागदावर कळतं. त्या ओट्यावरच्या बायांना मी नंतर दुसऱ्या दिवशी त्यांच्याच कविता वाचून दाखवल्या. तिथे मात्र हशा झाला, आणि मी थांबले तर “आखीन एक” म्हणाल्या.

आता नाटकाबद्दल. नाटक काही ‘वाचलं’ नाही, बघितलं, पण यादीत घेते. श्याम पेठकरांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी बसवलेलं ‘तेरवं’. शेतकऱ्यांच्या मागे राहिलेल्या बायाच त्यात कामं करतात. नाव तेरव्या दिवसाचं, पण नाटक त्या दिवसानंतर जगणाऱ्या बायांचं आहे. मला बाईंनी विचारलेलं ‘पुढचं’ ते हेच. समीक्षक म्हणून विचाराल तर काही जागी ते फार थेट बोलतं, प्रेक्षकाला स्वतः काही जोडू देत नाही. पण समोर उभी असलेली बाई अभिनय करतेय की साक्ष देतेय हे कळेनासं होतं, तेव्हा माझी मोजपट्टी गळून पडली. त्याच नाटकातल्या, आपल्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी जानेवारी २०१९ मध्ये इथल्या ९२व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. ते कसं घडलं, आपल्याला ठाऊक आहे. नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचं निमंत्रण दिलं, मग मागे घेतलं. त्यावरून जे रामायण झालं, ते झालं. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. १९७३ साली याच गावात गदिमा अध्यक्ष होते, तेव्हाच्या आठवणी सांगणारे आता थोडे उरलेत.

मला अजूनही दोन गोष्टी एकदम वाटतात. एका लेखिकेला येऊ नका म्हणणं ही आपल्या गावाच्या वाचनसंस्कृतीला लागलेली ठेच आहे, ती मी विसरणार नाही. आणि त्या रिकाम्या झालेल्या जागी जी बाई उभी राहिली, तिचं बोलणं त्या संमेलनातलं सगळ्यात ऐकण्यासारखं होतं. एका गोष्टीने दुसरी झाकली जाऊ नये. आपण मात्र पटकन झाकतो. ‘झालं ते बरंच झालं’ म्हणतो. नाही, बरं नाही झालं. दोघींचीही भाषणं एकाच मंचावरून ऐकता आली असती.

असो. शरदाकडे येते.

दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ मी दर वर्षी महिन्या-महिन्याने वाचते. १९५६चं पुस्तक. ज्या महिन्याचं प्रकरण त्या महिन्यात. सध्या आश्विनापाशी आलेय. बाईंनी जसं बघितलं तसं बघणं आपल्याला जमत नाही, झाड, फूल, आभाळाचा रंग, सगळं नेमकं. पण त्यांचं वर्ष झाडापानांचं आहे, मजुरीचं नाही. हा दोष नव्हे, ते पुस्तक त्यासाठी नाहीच. जुन्या संस्कृत कवितेत शरद म्हणजे पांढरा : चांदणं, हंस, काशाची फुलं. आपलाही शरद पांढराच, फक्त तो बोंडातून फुटतो. वावरात सीतादही होतं, दहीभाताचा नैवेद्य ठेवून पहिला वेचा सुरू होतो. कमरेला ओटी बांधलेल्या बाया ओळीने सरकत जातात, बोंडाची सुकलेली टोकं बोटांना टोचत राहतात. परतीचा पाऊस आला की तोच पांढरा रंग पिवळा पडतो आणि भाव खाली येतो. चंद्र त्याच आभाळात असतो, कोजागिरीही होते. या पांढऱ्या रंगावर कुणी नीट लिहिलेलं मला हवंय.

एक काळा शरदही आहे आपल्याकडे. २०१७चा. फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, ऊन, वारा, पाठीवर पंप. त्यात मजूरही खूप होते, दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणारे. चौकशा झाल्या, अहवाल आले, बातम्या झाल्या. मला त्या शरदाची कादंबरी वाचायची आहे. डोळ्यांसमोर अंधारी येऊन दवाखान्यात पडलेला मजूर, बरा होऊन पुढच्या हंगामात पुन्हा पंप पाठीवर घेतो का? घेत असेल तर का? इथे कुणी तरुण लिहिणारे बसले असतील तर हा विषय मी तुमच्यापुढे ठेवते. मला स्वतःला ते लिहिणं झेपणार नाही.

तर बेत. पहिला, अर्थात, दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाचा शरद छापील झाला. ग्रंथालयात वर्गणी भरून आळीपाळीने अंक नेण्याची सोय आपल्याकडे आहेच, मी दर वर्षी घेते. यंदा मी त्यात एक छोटी वही ठेवणार आहे. जी जी शेतकऱ्यावरची कथा असेल, ती कुठल्या दिवशी संपते ते लिहायचं. मरणाच्या दिवशी, की नंतरच्या? फक्त एवढंच. लेखकाचं नाव, अंकाचं नाव, शेवटचा दिवस. फाल्गुनात आपण वही उघडून बघू. माझा अंदाज वाईट आहे, पण खोटा ठरला तर मी सगळ्यांना पेढे देईन.

कुणीतरी मागच्या वेळी मला म्हणालं होतं, “किती दिवस आमचं मरणच वाचायचं मॅडम, दुसरं काही नाही का?” तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, तो माणूस आणि ती ओट्यावरची बाई एकच मागणी करत होते. विषय टाळा असं त्यांचं म्हणणं नव्हतं. कंटाळा आला होता तो तिथेच थांबण्याचा.

दुसरा बेत भुलाबाईचा. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या भागात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, म्हणजे म्हणायच्या, आता गल्ल्या ओस पडल्यात. सासर, माहेर, नणंद, रुसवा, सगळा संसार त्यात असतो आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा. पोळ्याच्या झडत्याही तशाच, तोरणाखाली उभं राहून सावकारापासून सरकारापर्यंत सगळ्यांची खिल्ली. झडत्या पुरुषांच्या, भुलाबाई पोरींची. पुस्तकांत यांचे संग्रह मिळतात, पण मला आवाज हवाय. ज्यांच्या घरी आजी असेल, त्यांनी मोबाइलवर आजीचं एक गाणं टिपून आणा. कडवी मागे-पुढे झाली तरी चालेल, आजीने मधेच “मंग काय होतं बाई ते…” म्हटलं तर तेही पुसू नका.

आणि तिसरा, त्या ओट्यावर परत जायचं. वेचणीच्या दिवसांत बाया आठ वाजता झोपतात, हे मला गेल्या वर्षी कळलं. म्हणून वाचन अर्धा तासच. ‘धग’ सुरू करणार आहे. रोज जाणं जमणार नाही, आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, तेव्हा काम लवकर सुटतं. माझ्या अंदाजाने संक्रांतीपर्यंत निम्मी होईल. कुणाला यायचं असेल तर या, आवाज मोठा असला पाहिजे, माझा आता बसतो. वऱ्हाडी वाचता येणारं कुणी असेल तर फारच बरं, कारण कौतिकचं बोलणं मी पुणेरी करून टाकते असं माझी मुलगी म्हणते. (हशा)

आणखी एक राहिलं. कोजागिरीला आपण इथेच जमतोय. प्रत्येकाने एक पुस्तक आणायचं, त्यावर पाच मिनिटं बोलायचं, सहावं मिनिट मी देणार नाही. दूध मागच्या वर्षी कमी पडलं होतं, म्हणून यंदा नावं आधी द्या. वही दाराजवळ ठेवली आहे.